खोकणारे काका

आजच्या समारंभाचे अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, श्रोता-मंडळाच्या कार्यवाह बाई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले ‘शेजारी’, आणि समोर बसलेल्या श्रोत्यांनो! एरवी सभेत हा शब्द रीत म्हणून वापरतात, पण आज या सभागृहात ऐकण्याखेरीज एकमेकांशी दुसरा कसलाच संबंध नसलेली माणसं आली आहेत, तेव्हा तो शब्द आज आपल्याला शोभतो. आपणा सर्वांना नमस्कार.

माझी ओळख करून देताना कार्यवाह बाईंनी मला ‘जाणकार श्रोती’ म्हटलं. त्यांचे आभार, पण ते खरं नाही. मी सवयीची श्रोती आहे. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवतात, त्यावरून आम्ही कवळी बनवतो. दिवसभर हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, कान मात्र रिकामे. रिकामे कान किती छळतात हे असं काम केलेल्यांना सांगायला नको. हात मेणात दात बसवत असतात आणि कान जुनं काहीबाही उकरत बसतात. घरी कोण काय बोललं, त्यावर आपण काय बोलायला हवं होतं. त्या रिकाम्या जागेत एक दिवस शेजारी येऊन बसले.

पाहुण्यांपैकी ज्यांनी हा पॉडकास्ट ऐकला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. शेजाऱ्यांचं खरं नाव निमंत्रणपत्रिकेवर आहे, पण आपल्यापैकी ते कुणी घेत नाही. कुठेतरी जाऊन बसायचं, न्हाव्याचं दुकान म्हणा, गॅरेज म्हणा, वाचनालय म्हणा, आणि तिथल्या माणसाशी गप्पा मारायच्या, एवढाच यांचा कार्यक्रम. बसमध्ये बाजूच्या सीटवरून कुणी बोलावं तसा आवाज. म्हणून ‘शेजारी’.

आज चहाच्या वेळी मी त्यांना प्रथमच भेटले. त्यांनी हात जोडले आणि विचारलं, “आपलं नाव?” खरं सांगते, मला राग आला. इतकी वर्षं रोज घरी येणारा माणूस, आणि नाव विचारतो! मग माझं मलाच हसू आलं. पण नंतर इथे खुर्चीत बसल्यावर वाटलं, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपण आहोत की नाही हेही ज्याला ठाऊक नाही, त्याची सोबत होते का? झाली, तर ती कसली सोबत?

आमच्या लॅबमध्ये सगळ्यांत जुने एक तंत्रज्ञ आहेत. त्यांना आम्ही मास्तर म्हणतो, कारण ते स्वतःशी बोलतानासुद्धा स्वतःच्या चुका काढतात. मी लॅबमध्ये शेजाऱ्यांना मोठ्यानं लावायची, आणि मास्तर त्यांच्याशी चक्क भांडायचे. “अहो, बोलू द्या की त्या गॅरेजवाल्याला! स्वतःचंच काय लावलंय?” एकदा मी दाढ तिरकी बसवली. मास्तर म्हणाले, “बाई, हा पेशंट घास चावणार की गाल?”

“शेजाऱ्यांनी हसवलं हो मधेच.”

“मग या महिन्याचा पगार त्यांच्याकडून घ्या.”

शेजारी, तो पगार अजून यायचा आहे.

माझे यजमान चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. ‘यजमान’ हा शब्द मी समारंभासाठी आणलाय. घरी मी त्याला अरे-तुरेच करायची, तर इथेही तसंच बोलते. मी कवळ्या, तो चष्मे. तो म्हणायचा, “आपलं घर लोकांच्या म्हातारपणावर चालतं. आपण मात्र म्हातारं व्हायचं नाही हं.” त्यानं त्याचा शब्द पाळला.

आमच्या बस वेगळ्या, कामाच्या वेळा वेगळ्या. पण दोघांनी एकच भाग ऐकायचा आणि जेवताना त्यावर वाद घालायचा, असं आपोआप ठरून गेलं होतं. सुट्टीच्या दिवशी घरी एकत्र ऐकायचो.

“काय म्हणतोय आज तुझा शेजारी?”

“माझा काय म्हणून? तूही ऐकतोस की.”

“मी ऐकतो. तू बसमध्ये माना डोलावतेस. लोक घाबरून उठतात.”

त्याला खोकला होता. काचेच्या धुळीनं म्हणा, सवयीनं म्हणा. मोठा नव्हे. दोन लहान खोकले, मग जरा थांबून एक ‘हं’. कुणीतरी ‘बरं आहे ना?’ असं विचारावं आणि यानं उत्तर द्यावं, तसा. लग्न झालं तेव्हा सुरुवातीला मी दर वेळी विचारायची, “काय म्हणालास?” तो म्हणायचा, “कुठे काय?”

तो गेला. अचानक, हृदय बंद पडून. खोकल्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं होतं.

माणसं येऊन गेली, शेजारपाजारची भांडी धुऊन परत गेली, आणि मी लॅबमध्ये परत गेले. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले होते. मास्तरांनी तर माझ्या चुका काढणंच सोडलं. ते मला सगळ्यांत जड गेलं. एकच माणूस माझ्याशी नेहमीच्या आवाजात बोलत होता, कारण त्याला काही माहीतच नव्हतं. मघाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला तिथे मिळालं. आपलं दुःख ठाऊक नसलेला एक तरी आवाज घरात लागतो.

उरलेलं निम्मं सांगायला मला संकोच वाटतो. अध्यक्ष महोदयांनी वेळेची चिठ्ठी पाठवली तर मी थांबेन.

काही महिन्यांनी न्हाव्याच्या दुकानातला भाग आला. आपल्यापैकी पुष्कळांना आठवेल. न्हावी सांगत होता की, टक्कल पडलेले लोकच आरशात जास्त वेळ बघतात. शेजारी हसले. मग बोलण्यात एक छोटीशी फट पडली, आणि त्या फटीत मागे कुठेतरी कुणीतरी खोकलं. दोनदा. मग जरा थांबून, हं.

मी हातातली कवळी खाली ठेवली आणि मोठ्यानं म्हणाले, “काय म्हणालास?”

मास्तरांनी मान वर केली. “मी काही नाही बोललो, बाई.”

खोकला काय, कुणाचाही असतो. मी स्वतःला हेच सांगितलं. पुढे वाचनालयाचा भाग आला, तिथे तोच खोकला. मग बोटीच्या धक्क्यावरचा. माझा नवरा पाण्याला इतका घाबरायचा की पुलावरून जाताना बसमध्ये डोळे मिटून घ्यायचा. तो धक्क्यावर बसून खोकत होता! जिथे तो आयुष्यात गेला नाही, तिथे तो माझ्या आधी जाऊन बसलेला असायचा. मी शेजाऱ्यांचं बोलणं ऐकेनाशी झाले, बोलण्यातल्या फटी ऐकायला लागले. ज्या भागात तो नसेल, त्या दिवशी मन लागायचं नाही. आज कुठे गेला, जेवला असेल का, असलं काहीतरी मनात यायचं. शेजारी, रागावू नका, पण त्या काळात तुम्ही काय बोललात ते मला आठवत नाही.

शेवटी मी नणंदेला बोलावलं. तिच्या कानात इअरफोन घातले. तिनं ऐकलं, इअरफोन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “वहिनी, काहीतरीच काय! हा दादा नाही.”

“बरं.”

“असा कुणीही खोकतो. आमचे हेसुद्धा खोकतात.”

“बरं म्हटलं ना.”

तिनं टेबलावरचे इअरफोन उचलून पुन्हा कानात घातले. मग म्हणाली, “परत लाव.”

मी बरीच वर्षं रोजनिशी लिहिते. त्यात यातलं अक्षरही नाही. लिहिलं असतं तर कधीतरी वाचावं लागलं असतं, आणि वाचून मीच म्हटलं असतं की, या बाईंना डॉक्टरांकडे न्या.

मग गेल्या महिन्यात बातमी आली की शेजारी आता थांबताहेत, आणि जाण्याआधी सगळे जुने भाग नव्या तंत्रानं स्वच्छ करून ठेवणार आहेत. मागची खरखर, पंखे, गाड्या, शिंकणं-खोकणं, सगळं काढून टाकणार आणि जुन्या प्रती ठेवणार नाहीत. मंडळात सर्वांना आनंद झाला. मी कार्यवाह बाईंना फोन केला की मला भाषण करायचंय. त्यांना वाटलं, बाई एकदाच्या बोलत्या झाल्या. बाई खरं म्हणजे भीक मागायला येणार होत्या. तो खोकला काढू नका, एवढंच मागायचं होतं. आणि जमलं तर विचारायचं होतं की तो आहे कोण.

पण आज चहाच्या टेबलाशी मला या कार्यक्रमाचं ध्वनिसंकलन करणारी मुलगी भेटली. ती तिसऱ्या रांगेत कडेला बसली आहे, गळ्यात हेडफोन आहे ती. मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, “वेगवेगळ्या भागांत मागचा आवाज कधीकधी अगदी सारखा कसा गं येतो?”

ती दचकली. मग इकडेतिकडे बघून म्हणाली, “मॅडम, सरांना सांगू नका. गप्पा संपल्या की सर सगळ्यांना एक मिनिट गप्प बसायला लावतात. त्या जागेची शांतता आम्ही रेकॉर्ड करतो. बोलणं कापून जोडलं की मधे भोकं पडतात, ती बुजवायला लागते. नुसतं कोरं सोडलं तर ऐकणाऱ्याला वाटतं फोन बंद पडला.”

“मग प्रत्येक जागेची वेगळी नको का?”

“हवी ना! पण लोक कुठे गप्प बसतात? कुणाचा फोन वाजतो, कुणाला हसू येतं. म्हणून माझ्याकडे एक ठेवलेली आहे, पहिल्या वर्षातली. काय सुंदर आहे ती! माणसं बसलेली आहेत हे कळतं, पण कुणी काही करत नाहीये. माझी लाडकी शांतता आहे. अडलं की मी तीच लावते.”

मी म्हटलं, “त्यात कुणीतरी खोकतं.”

तिचा चेहरा उजळला. “तुम्ही ऐकलंत? आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही! ते आमचे खोकणारे काका. नवा भाग तयार झाला की माझी मैत्रीण स्टुडिओत विचारते, ‘आज काका आले का?’”

मुली, तुझं गुपित मी भर सभेत फोडलं. शेजारी, तिला रागावू नका.

म्हणजे तो धक्क्यावर गेला नव्हता, वाचनालयात गेला नव्हता. कुणीतरी एक माणूस कुठल्यातरी एका खुर्चीवर बसून एकदाच खोकला होता, आणि ही मुलगी त्याला उचलून जागोजागी नेऊन बसवत होती. पहिल्या वर्षातली शांतता, म्हणाली ती. तेव्हा माझा नवरा होता. म्हणजे तो खोकला आम्ही दोघांनी एकत्र बसून ऐकलेला असणार. मग तेव्हा माझ्या कसा लक्षात आला नाही? पण कसा येणार? तो स्वतः समोर बसून खोकत होता.

ती मुलगी पुढे म्हणाली, “ती कुठली आहे माहितीये? आम्ही तेव्हा—”

मी तिच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, “चहा गार होतोय तुझा.”

पहिल्या वर्षी रेकॉर्ड करून कधी न लावलेले भागही असतील, आणि दुकानात कोण येऊन बसून गेलं हे तो कुठे घरी सांगायचा? चष्म्याचं दुकान म्हणाली असती, तर तो तोच. दुसरं काही म्हणाली असती, तर ते कुणी परके गृहस्थ आहेत, कदाचित आजही कुठेतरी खोकत असतील, त्यांना उदंड आयुष्य लाभो, आणि माझा नवरा पुन्हा एकदा जाईल. पहिल्यांदा गेला तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी ते माझ्या हातात होतं.

नाही, शेजारी, माइककडे हात नेऊ नका. तुम्हाला ती जागा आठवली, हे तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. मी तुमच्याकडे आता बघणारच नाही. उत्तराच्या भाषणात कृपा करून ते सांगू नका.

मी हे बरोबर करते आहे का? मला ठाऊक नाही. मी खरं-खोटं काटेकोरपणे बघणारी बाई आहे. मी खोटे दात बनवते, पण ते खोटे आहेत हे घालणाऱ्याला माहीत असतं, तरी तो त्यांनी जेवतो. मला मात्र माहीतच करून घ्यायचं नाही. तेव्हा ही तुलना लंगडी आहे, ती सोडून द्या. त्या मुलीचा नंबर मी घेतला आहे. धीर होईल त्या दिवशी मी तिला विचारीन. तो दिवस आजचा नाही.

मागणं एवढंच आहे. भाग खुशाल स्वच्छ करा, पंखे काढा, गाड्या काढा. ती एक लाडकी शांतता तेवढी आहे तशी राहू द्या. ज्यांना ती नको असेल त्यांना ती ऐकूही येणार नाही. इतकी वर्षं आली नाहीच ना?

शेजारी, तुम्ही माझं नाव विचारलंत, मी सांगितलं, आणि उद्या तुम्ही ते विसरलात तरी माझी तक्रार नाही. माझ्या घरात तुमच्या मागे एक माणूस बसलेला असायचा. तुम्ही बोलत राहिलात म्हणून त्याला बसायला जागा मिळाली. याबद्दल आभार मानायला मला नीट शब्द सापडत नाहीत.

आजचा समारंभ हाच शेवटचा भाग म्हणून रेकॉर्ड होतो आहे. तेव्हा सगळं संपल्यावर शेजारी नेहमीप्रमाणे आपल्याला एक मिनिट गप्प बसायला सांगतील. मी तिथे कोपऱ्यात बसून ऐकणार आहे. अध्यक्ष महोदयांनी वेळ दिला आणि चिठ्ठी पाठवली नाही, मंडळानं मला इथे उभं केलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. आनंदाच्या समारंभात घरचं काढून बसले, कुणाचं गुपित फोडलं, मानपानात काही राहून गेलं, ते सगळं पोटात घाला. मला क्षमा करा.

पण त्या एका मिनिटात आपल्यापैकी कुणाला खोकला आला, तर तो दाबू नका. आणि त्याची क्षमा मागू नका.