शेवाळाच्या खोलीत आता कोण जाणार?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संचालक साहेब, ऊर्जा खात्यातून वेळात वेळ काढून आलेले सन्माननीय प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, माझे निवृत्त झालेले, होऊ घातलेले आणि नुकतेच रुजू झालेले सहकारी, आणि तिसऱ्या रांगेत बसून मघापासून मला 'आटप' अशी खूण करणारे आमचे हे, सर्वांना माझा नमस्कार.

माझ्याबद्दल गेला अर्धा तास इतकं गोड बोललं गेलंय, की मी मनातल्या मनात स्वतःची नाडी तपासून घेतली. संचालक साहेब म्हणाले, बाईंनी शेवाळावर पोटच्या लेकरांसारखं प्रेम केलं. साहेब, आपला मान राखून सांगते, मी प्रेम केलं नाही. मी नोकरी केली. प्रेम म्हटलं की बरं पडतं, कारण प्रेम करणारं माणूस गेलं तर त्याची जागा भरावी लागत नाही. काम म्हटलं की कुणाला तरी नेमावं लागतं. मी नऊ वर्षं अर्ज करतेय की माझ्यानंतर या कामाला माणूस द्या, त्याला माझ्या हाताखाली शिकू द्या. आज मी निघाले, आणि माणूस काही आलेला नाही.

नव्या मंडळींना सगळं सांगायला हवं. तिसऱ्या मजल्यावर टोकाला एक खोली आहे. निम्म्या लोकांना ती माहीत नाही आणि उरलेल्यांना ती अडगळीची वाटते. तिथे जिवंत शेवाळाचा संग्रह आहे. काचेच्या नळ्या, तोंडाला कापसाचं बूच, आत बोटभर पाणी आणि त्यात हिरवं, तपकिरी, लालसर काहीतरी. ज्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो त्यांनी ओढे, तळी, झरे, पाण्याच्या टाक्या पालथ्या घालून ते गोळा केलं होतं. एकदा तर त्यांनी लेखा विभागाच्या कूलरमधलं पाणी बाटलीत भरून नेलं आणि तिथल्या लोकांना वाटलं, आपली तक्रार होणार. मी चौतीस वर्षांपूर्वी सहायक म्हणून लागले तेव्हा दोनशे बारा नळ्या होत्या.

नळीतलं शेवाळ कायमचं जगत नाही. पाण्यातलं खाणं संपलं की ते पिवळं पडतं आणि मरतं. म्हणून दर तीन आठवड्यांनी तार ज्योतीवर तापवायची, निवू द्यायची आणि जुन्या नळीतला एक थेंब नव्या नळीत सोडायचा. याला आम्ही पालट म्हणतो. सगळ्या नळ्यांचा पालट करायला दोन दिवस लागतात. मी तो अंगात ताप असताना केलाय, संपात केलाय, लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीही केलाय. मोठे सर म्हणायचे, "बाई, हे ग्रंथालय नाही, हा गोठा आहे. गोठ्याला रविवार नसतो." ते गेले, त्यालाही आता एकोणीस वर्षं झाली.

प्रमुख पाहुणे मघाशी म्हणाले, शेवाळ म्हणजे उद्याचं इंधन. क्षमा असावी, पण ते कालचंही आहे. आपण ज्या गाडीतून आलात तिच्या टाकीतलं तेल बहुतेक करून कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेल्या बारीक शेवाळापासूनच झालंय. या सभागृहात आपण सगळे श्वास घेतोय. पृथ्वीवर दरवर्षी जो प्राणवायू तयार होतो त्यातला जवळपास निम्मा पाण्यातलं शेवाळ तयार करतं, आणि त्यातलं बरंचसं नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. बाहेर टेबलावर आइस्क्रीम ठेवलंय. डब्यावरची यादी वाचा, समुद्री शेवाळाचा अर्क बहुधा सापडेल. आपल्या शेजारच्या विभागात जिवाणू ज्या थरावर वाढवतात तो थरही शेवाळापासूनच येतो. आणि तळ्यातलं एक शेवाळ आहे, एका पेशीचं, त्याला उजेड कुठून येतो ते कळतं. ज्या प्रथिनामुळे ते कळतं ते डॉक्टर लोकांनी घेतलं आणि दृष्टी गेलेल्या एका माणसाच्या डोळ्यात त्याचा प्रयोग केला, तेव्हा त्याला समोरच्या टेबलावरची वस्तू कुठे आहे ते कळू लागलं. हे वाचलं त्या दिवशी मी त्या नळीसमोर जरा वेळ उभी राहिले होते. एवढं सगळं करणाऱ्याचं आपण घरात काय करतो? ब्रशनं घासून काढतो. मीही काढते, न्हाणीघरात घसरायला नको म्हणून.

बारा वर्षांपूर्वी आपल्या मागच्या आवारात इंधनासाठी शेवाळाचे चार हौद बांधले. फीत कापली, फोटो निघाले. सव्वा महिन्यात हौद पांढरट झाले, कारण शेवाळ खाणारे बारीक जीव कुठून तरी आले आणि त्यांची चंगळ झाली. मग पुन्हा शेवाळ वाढवायला बी कुठून आलं? तिसऱ्या मजल्यावरून. असं ते सहा वेळा आलं. दर वेळी एक मोठे शास्त्रज्ञ स्वतः जिना चढून यायचे, "बाई, तुम्ही आहात म्हणून" असं म्हणायचे. प्रकल्प बंद झाल्यावर त्यांना जिना चढवेनासा झाला. कामापुरता मामा, दुसरं काय.

इथवर मी राग गिळला होता. आता सांगते ते गिळता आलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात आमच्या ह्यांची बायपास झाली. मी अकरा दिवस रजेवर गेले. रजेच्या अर्जाला दोन पानं जोडली होती: दिवे बारा तास चालू ठेवा, एसी अठरावर ठेवा, बाकी कशाला हात लावू नका. तेच दारावरही चिकटवलं होतं. नेमका त्याच आठवड्यात आपल्याकडे ऊर्जा बचत सप्ताह निघाला. परिपत्रक आलं, की ज्या खोलीत कर्मचारी हजर नाही तिथले दिवे आणि एसी बंद करावेत. आमच्या खोलीत कर्मचारी हजर नव्हता. आपले वायरमन भला माणूस. त्यांनी दारावरची चिठ्ठी वाचली आणि खाली कार्यालयात जाऊन विचारलं. त्यांना उत्तर मिळालं, "चिठ्ठी मोठी की परिपत्रक?" त्यांनी बटण बंद केलं. तो माणूस आजही मला पाहिलं की मान खाली घालतो, आणि ज्यांनी घालायची ते नाहीत घालत.

अंधार शेवाळ बरेच दिवस सोसतं. उकाडा सगळ्यांना सोसत नाही. वरच्या मजल्यावरची खोली, खिडक्या बंद, बाहेर ऊन. आमच्याकडे थंड झऱ्यांतल्या अठ्ठेचाळीस नळ्या होत्या. बाराव्या दिवशी मी दार उघडलं तेव्हा वासावरूनच कळलं. एकतीस गेल्या होत्या. ह्यांना घरी आणून दोन दिवस झाले होते, मी घरी काही बोलले नाही. त्यांनीच विचारलं, "पालट झाला का?" तेव्हा मला रडू आलं, आणि त्यांना वाटलं डॉक्टर काहीतरी वाईट बोललेत. त्या सप्ताहात वीज वाचवल्याबद्दल आपल्या संस्थेला पहिला क्रमांक मिळाला. शेवाळापासून ऊर्जा मिळवायला निघालेली संस्था आपली. ते प्रमाणपत्र या सभागृहाच्या दाराशी लावलंय, जाताना पाहता येईल.

मी तक्रार केली. समिती बसली. बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणतात, पण इथे झोपाही धड केला नाही. समितीनं सुचवलं, की असं नुकसान पुन्हा होऊ नये म्हणून संग्रह डिजिटल करावा. म्हणजे काय, तर प्रत्येक नळीचा फोटो काढून संगणकात ठेवायचा. दोन मुली कॅमेरा घेऊन आल्या, त्यांनी फार सुंदर फोटो काढले. जिवंतांचे नळीतून, मेलेल्यांचे जुन्या काचपट्ट्यांवरून. त्यानंतर दोन महिन्यांनी मला पत्र आलं. त्यातलं वाक्य मला पाठ आहे: "संग्रहाची डिजिटल नोंद पूर्ण झाली असल्याने मूळ प्रतींच्या निर्लेखनास हरकत नसावी." निर्लेखन, म्हणजे मोडकी खुर्ची भंगारात काढतो ना आपण, ते. मी साहेबांकडे गेले. म्हटलं, साहेब, ही कागदपत्रं नाहीत, फोटोतलं शेवाळ वाढत नाही. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही फार भावनिक होता." आठवतंय ना साहेब? नसेल आठवत तरी चालेल.

पुढच्याच वर्षी पाणीपुरवठा खात्यातल्या एक इंजिनिअर बाई आल्या. जलाशयाच्या पाण्यात काहीतरी उतरत होतं आणि काय ते यंत्रात सापडत नव्हतं. मोठ्या सरांनी फार पूर्वी त्याच पाण्यावर एकशे अठरा नंबरचं शेवाळ वाढवून नोंदी ठेवल्या होत्या. पाण्यात जरा काही वावगं असलं की ते वाढायचं थांबायचं, आणि किती थांबलं यावरून सर अंदाज बांधायचे. त्या बाईंना तेच शेवाळ हवं होतं, जुन्या नोंदींशी ताडून बघायला. एकशे अठरा हे त्या एकतीसमधलं. मी त्यांना संगणकावर फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "ताई, फोटो पाण्यात टाकून मला काय कळणार?" पाण्यात काय होतं ते कळायला पाच महिने लागले. ते पाच महिने आपण सगळे तेच पाणी पीत होतो, साहेब आपणही, आपली नातवंडंही.

...आपले सूत्रसंचालक चिठ्ठी देतायत, वेळ झाली म्हणून. चौतीस वर्षांत मी पहिल्यांदाच माईकसमोर आलेय, आणखी पाच मिनिटं सोसून घ्या.

तुम्ही विचाराल, मग उरलेल्या नळ्या अजून कशा वाचल्या? नियमानं वाचल्या. निर्लेखनाला तीन जणांची समिती लागते आणि तिघांच्या सह्या लागतात. सभा बोलवायचं काम सदस्य-सचिवाचं. सदस्य-सचिव मी होते. तीन वर्षं मी सभा बोलावली नाही. कधी एक सदस्य दौऱ्यावर, कधी दुसरे रजेवर, कधी माझी फाइल सापडत नव्हती. भिजत घोंगडं ठेवायला मी या संस्थेतच शिकले आणि ते शिक्षण कामी आलं. पण आज मी जातेय. गेल्या सोमवारी आदेश निघाला, माझ्या जागी समितीवर नवा सदस्य-सचिव नेमलाय. माझ्या खोलीत माणूस द्यायला नऊ वर्षं पुरली नाहीत. ती खोली रिकामी करणाऱ्या समितीत माणूस द्यायला नऊ दिवससुद्धा लागले नाहीत. पहिली सभा येत्या शुक्रवारी आहे. मला हे कुणी सांगितलं नाही, सूचना फलकावर वाचलं.

आता मी काय केलं ते सांगते, म्हणजे नंतर चौकशी करायचा त्रास वाचेल. गेले सहा महिने प्रत्येक पालटाला मी एकाच्या दोन नळ्या केल्या आणि दुसरी नळी बाहेर दिली. परवानगी घेतली नाही, मागितलीही नाही, कारण उत्तर माहीत होतं. काही नळ्या महाविद्यालयांत गेल्या, काही शाळांत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंकडे, चाळीस त्या इंजिनिअर बाईंनी नेल्या. प्रत्येकाला मी समोर बसवून पालट करायला लावला, तीनदा चुकला तरी चौथ्यांदा लावला. एकशे एक्क्याऐंशीपैकी एकशे चौसष्ट नळ्यांना घर मिळालं. ही संस्थेची मालमत्ता आहे, तेव्हा माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. पेन्शनचे कागद अजून साहेबांच्या टेबलावरच आहेत, सोयीचं आहे.

उरल्या सतरा. थंड झऱ्यांतल्या, त्या उन्हाळ्यातून कशाबशा वाचलेल्या. त्या कुणाला देता आल्या नाहीत, कारण त्यांना थंडी हवी आणि उजेडही हवा. शाळेत एसी नाही, इंजिनिअर बाईंच्या खोलीतही नाही. घरच्या फ्रिजमध्ये ठेवून पाहिल्या, तर दार लावलं की दिवा जातो. आमचे हे म्हणाले, "मग दार उघडंच ठेवू या." दोन दिवस ठेवलंही होतं. ज्या झऱ्यांतून मोठ्या सरांनी ही शेवाळं आणली त्यातले बरेच झरे आता बुजलेत, तिथे घरं झालीत. म्हणजे त्यातली काही शेवाळं जगात आणखी कुठे आहेत का, ते मला माहीत नाही. आपल्या इमारतीत आहेत, एवढं माहीत आहे.

आता रीतीप्रमाणे आभार. संस्थेचे, कारण तिनं चौतीस वर्षं मला काम दिलं. वायरमनभाऊंचे, कारण खाली जाऊन विचारणारे तेवढे एकटेच होते. ह्यांचे, कारण सांगायला नको. आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आपले.

बोलण्याच्या ओघात कुणाचा मान दुखावला असेल तर पोटात घालावं, अशी विनंती मी करणार होते. काल रात्री लिहूनही काढली होती. पण खरं सांगू? नळ्या बाहेर दिल्या त्याची मला माफी नको. तुमच्याशी कडू बोलले त्याचीही नको. माफी मागायची तर ती त्या सतरा नळ्यांकडे, कारण चौतीस वर्षांत त्यांच्यासाठी मी एक माणूस तयार करू शकले नाही, आणि त्यांना तिथेच सोडून आज पाच वाजता जिना उतरणार आहे. ज्यानं त्या खोलीचं दार उघडतं ते माझं ओळखपत्र पाचनंतर चालणार नाही.

त्यांचा पुढचा पालट गुरुवारी आहे, सकाळी आठला. समितीची सभा शुक्रवारी आहे. तार, नळ्या, पाणी सगळं टेबलावर काढून ठेवलंय, काय करायचं ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. सतरा नळ्यांना पाऊण तास लागतो. या सभागृहात मी मोजलं, एकशे दहा माणसं आहेत.

धन्यवाद.