आबांच्या मुठीतलं नाणं

सावंगीच्या दवाखान्यात, डोळ्यांच्या विभागाबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर सेलूचे एक म्हातारे सोनार डोळ्यांत थेंब घालून बसले होते. सोबत नात होती.

"आबा, डोळे उघडू नका. अर्धा तास मिटूनच ठेवा लागते."

"म्हणूनच तू आत्ता बोलून राह्यली. मले उठून जाता येत नाई ना!"

"मॉरिशसच्या दवाखान्यानं नर्स म्हणून बोलावलं मले. पुढच्या महिन्यात जायचं आहे."

"परक्या मुलखात जायचं नाई. सांगतलं ना एकदा!"

"हात पुढं करा. हे काय आहे ते ओळखा."

"नाणं आहे. चांदी नाई. कुठलं आहे?"

"तिथलंच. माझ्या सीनियरनं आणलं. तिथंही याले रुपयाच म्हणतात."

"तिथं काऊन रुपया?"

"लई वर्षांआधी आपल्याकडचे लोक तिथं ऊस तोडाले गेलते. रुपया त्यांच्यासोबत गेला. नेपाळात रुपया, श्रीलंकेतही रुपयाच."

"रुपं म्हणजे चांदी, पोरी. रुपयाचं नाव त्यातूनच आलं. मी जिंदगीभर रुपं ठोकलं, अन् हा समुद्रापार जाऊन बसला, मले पत्ताच नाई!"

"पण चांदी तर आता इथल्या रुपयातही नाई, आबा."

"नसू दे. नाव तर टिकलं ना."

"द्या ते नाणं."

"राहू दे माह्यापाशी. दिवाळीले पूजेत मांडतो, आपल्या चांदीच्या रुपयाच्या बाजूले."

"सीनियरचं आहे, आबा. तिले वापस द्यायचं आहे."

"मग दे तिले. दिवाळीले घरी येशील, तवा तुह्या पगारातला रुपया आणजो."