प्रतिबिंब पडते, हा दोष

...आता ते साल चौतीस होतं की पस्तीस, हे मला विचारू नका. म्हणजे विचारा, पण मी सांगेन त्यावर विश्वास ठेवू नका, कारण काल हिशेब केला तेव्हा चौतीस आलं आणि आज सकाळी दात घासताना पस्तीस! अमरावतीच्या कॉलेजात मी एकतीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं, आणि स्वतःच्या आयुष्यातलं एक साल मला धड धरता येत नाही... पण एवढं पक्कं, म्हणजे बरंचसं पक्कं आठवतं, की त्या वर्षी जो भेटेल तो मला एकच विचारत होता. किंमत काय लिहू? वकील विचारतो, किंमत काय लिहू? स्टेशनावरचा बाबू विचारतो, किंमत काय लिहू? अहो, मला ठाऊक असती तर मी दारोदार हिंडलो असतो का?

थांबा. आधी चित्र सांगायला हवं.

जानेफळला आमच्या घरी बैठकीच्या भिंतीवर काचेवरचं एक चित्र होतं. काचेला मागून रंगवलेलं आणि पुढून बघायचं, तसलं. एक बाई, हातात फूल, अंगावर मणभर दागिने, डोळे बारीक, आणि तिच्या मागं सगळा काळाकुळकुळीत रंग. वडील सांगायचे, ती कुणा सरदाराची राणी. आमचे थोरले बंधू वामनदादा सांगायचे, ती आमचीच खापरपणजी. मला त्या बाईशी काही कर्तव्य नव्हतं, तुम्हाला सांगतो! मला कर्तव्य होतं त्या काळ्या रंगाशी. कारण त्या काळ्या काचेत, समोर बसलं की पाठीमागचं माजघराचं दार दिसायचं. आणि दारातून आतली वच्छला.

वच्छला म्हणजे माझी बायको. हसता काय? त्या काळी वडिलांच्या, दादांच्या देखत बायकोकडं मान वळवून बघायची काय बिशाद होती? मी वर्षातून दोनदा सुट्टीला यायचो, दिवाळीत आणि उन्हाळ्यात, आणि आल्यावर बैठकीत वडीलधाऱ्यांच्या रांगेत माजघराकडं पाठ करून बसायचं! वडील कपाशीच्या भावाचं बोलायचे, मी 'हो, हो' करायचो, आणि नजर काचेवर. लोकांना वाटे, पोरगा कलेचा मोठा भोक्ता निघाला. आत ती गहू निवडत बसलेली असायची. परसदाराचा उजेड तिच्या गालावर. आणि मधेच मान वर करून, नेमकी काचेकडं बघून, ती हसायची. माझ्याकडं बघून. म्हणजे... माझ्याकडंच ना? हा प्रश्न तेव्हाही होता. ती मला बघून हसत होती, की त्या चित्रातल्या बाईच्या नथीला? विचारणार कसं? एकांत मिळाला की आम्ही दोघं इतके लाजायचो की पावसापाण्याच्याच गोष्टी करायचो.

चार वर्षं. म्हणजे आठ सुट्ट्या. मग ती तापानं गेली. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

पुढं वडीलही गेले आणि वाटण्या आल्या. शेत झालं, बैल झाले, भांडी झाली, ताकाची रवीसुद्धा वाटली, तेव्हा मी म्हटलं, दादा, ते चित्र तेवढं मला द्या. इथं चुकलं बघा माझं! दादा म्हणाले, "काऊन?" आता काय सांगू? थोरल्या भावाला तोंड वर करून सांगू, की त्यात मला माझी बायको दिसायची? मी म्हटलं, "तसं काही विशेष नाही." झालं! एम.ए. झालेल्या माणसानं 'विशेष नाही' म्हटलं की कोण विश्वास ठेवतो? दादा सगळ्या गावाला सांगायला लागले, "पाह्य ना बे, वावर मांगत नाही, बैल मांगत नाही, अन् काच मांगून राह्यला! येवढा शिकेल मानूस! काही तं हाय त्याच्यात, लाखाचं!" आणि त्यांनी हट्टच धरला, की आधी किंमत ठरवा, मग वाटणी.

मेहकरला वकिलाकडं गेलो. अर्जुनराव वकील, टाक उचललेला, "चित्र, एक. किंमत काय लिहू? जास्त लिहिली तर वाटणीपत्राला स्टँप जास्त, सरकारची भर. कमी लिहिली तर तुमचे बंधू म्हणतील, एवढं स्वस्त? मीच घेतो." मी म्हटलं, खरी लिहा. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी वर्गात काही मुलांकडं पाहायचो. मग ठरलं, नागपूरच्या जाणकाराचा दाखला आणायचा.

बैलगाडीनं खामगाव. स्टेशनावर पार्सलबाबू. "काय आहे?" चित्र. "काच आहे का?" हो. "मग विमा लागेल. किंमत काय लिहू?" अहो, किंमत कळावी म्हणूनच तर नेतोय! "किंमत लिहिल्याशिवाय पार्सल जात नाही." आणि पार्सल गेल्याशिवाय किंमत कळत नाही! तुम्हाला सांगतो, तर्कशास्त्रात या प्रकाराला नाव आहे, मी ते एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं, पण बाबूसमोर एक शब्द आठवेल तर शपथ. आणि भीती वेगळीच! हजार लिहिले आणि ती पावती दादांच्या हाती लागली तर? दहा लिहिले, आणि फुटलं तर मला दहा रुपये देऊन मोकळे... दहा रुपये घेऊन मी काय करू?

शेवटी मांडीवर घेतलं. वच्छलेनं शिवलेल्या वाकळीत गुंडाळून, अगदी छातीशी धरून थर्ड क्लासात बसलो. जलंबला गाडी बदलली तर शेजारी एक म्हातारी, "काय हो भाऊ, लेकरू बिमार हाय का?" मी म्हटलं, नाही आजी, काच आहे. "काच? मंग थोपटून काऊन राह्यले?" मी हात बघितला, खरंच थोपटत होतो! म्हातारी सरकून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

नागपूरचे जाणकार म्हणजे उत्तमराव, मुंबईला चित्रकला शिकून आलेले, बोलणं अगदी इस्त्रीचं. भिंग लावून बघितलं, मागची फळी नखानं खरवडली, हुंगलीसुद्धा. म्हणाले, "चिनी." म्हणजे? "चिनी कारागिराचं काम. जहाजानं यायची ही चित्रं, शंभर वर्षांपूर्वी. ही बाई कुणीच नाही." गेली दादांची खापरपणजी! मग म्हणाले, "दाखला कशासाठी हवा? स्टँपसाठी असेल तर बाजारात आज काय येईल ते लिहितो. कोर्टासाठी असेल तर दोघांना पटेल असं लिहितो. विम्यासाठी असेल तर हे फुटल्यावर असंच दुसरं आणायला काय पडेल, ते. बोला, किंमत काय लिहू?"

असंच दुसरं आणायला काय पडेल... मी वाकळ उचलून पुन्हा काचेवर पांघरली. ते म्हणाले, पाणी देऊ का?

मग त्यांनीच सांगितलं, "एक वैगुण्य आहे. मागचा काळा रंग फार गडद. समोर बसलं की बाईच्या आधी खोलीच दिसते. निम्मी किंमत त्यापायी गेली." आणि दाखल्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'प्रतिबिंब पडते, हा दोष.' वर सल्ला, "थोडं तिरपं लावा, दोष जाईल." मी ओरडलोच, नको नको, असू द्या!

किंमत लिहिली वीस रुपये. घेऊन आलो दाखला. दादांनी दोनदा वाचला. "वीस? अन् नागपूरले जायले-यायले किती लागले तुले?" मी खोटं बोलायला हवं होतं, पण म्हटलं, बावीस. दादांनी दाखला तिसऱ्यांदा वाचला. मग म्हणाले, "शेष्या, विसाच्या वस्तूवर तू बावीस घालतं. आता तं माही खात्रीच झाली." त्यांनी मागची फळी उचकटून पाहिली. काही निघालं नाही, तेव्हा तर ते जास्तच घाबरले. "कुठं लपवलं बे?" शेवटी बांधावरच्या आंब्यांतला माझा हिस्सा सोडला, तेव्हा कुठं चित्र मिळालं. आंबे गोड होते हो. अजून आठवतात.

अमरावतीला आणून लावलं. समोर बसलो, पाठीमागं दार येईल असं. काचेत काय? छत्री, कोनाडा, दार, आणि पुढं मी. जागा बदलली, खिळा हलवला, परसदार उघडं ठेवलं, उजेड आला, दारात पडला... आणि तिथंच पडून राहिला. रीतसर दाखला मिळालेला दोष, तुम्हाला सांगतो, पण त्या दोषाचाही उपयोग होईना. तरी वर्षानुवर्षं बसत होतो समोर. सवय.

आणि मग, दादा गेल्यावर, बऱ्याच वर्षांनी, वहिनी माझ्याकडं चार दिवस राहायला आल्या. रुक्मिणीवहिनी, दादांच्या पत्नी. चित्र बघून पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. "ह्याच्यातून पाह्यत होते ना तुमी वच्छलीले?" माझ्या हातातला चहा बशीत नाही, धोतरावर! मी म्हटलं, वहिनी, तुम्हाला कसं... "अवो भाऊजी, मीच तं तिच्या बाजूले बसो गहू निवडत! तिले कुठं दिसत होतं? चार हातावरचं मानूस वळखू येत नव्हतं तिले. मलेच विचारे, 'बाई, पाहून राह्यले का?' मी म्हनो, 'हाव, पाहून राह्यले.' मंग ती वर पाहून हासे."

आता मी तर्कशास्त्राचा माणूस, एका साक्षीवर निष्कर्ष काढायचा नाही. पुढच्याच महिन्यात लोणारला गेलो, वच्छलेच्या भावाकडं, कडूबाकडं. तो म्हणाला, "दिसत कुठं होतं तिले, दाजी? तळ्याच्या काठावर उभी राहून विचारे, 'तळं आलं का?' लग्नाच्या वक्ती तुमाले सांगतलं नाही, मोडलं असतं ना."

तेव्हा सालाचं काही खरं नाही, पण हे पक्कं, दोन साक्षींनी पक्कं. तिनं त्या काचेत मला एकदाही पाहिलं नाही. विचारलं मात्र रोज. परतताना जानेफळला जाऊन वहिनींना म्हटलं, तुमचं खरं निघालं. तर म्हणतात, "मी खरंच तं सांगत होती! अन् तुमी तं भाऊजी, निम्म्या वेळेस बसल्या बसल्या पेंगत राहा. तरी मी तिले सांगो, 'पाहून राह्यले.'"