पडद्याआड पसंत, पडद्यापुढे नापसंत

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत ते आपल्या संगीत मंडळाचे चिटणीस, त्यांच्या सौभाग्यवती आणि कान शाबूत असलेल्या माझ्या श्रोतेहो,

चौदा मार्च, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. चिटणिसांच्या गौरवाला मी इथूनच सुरुवात करणार आहे. घाबरू नका, गौरवच आहे.

वार्षिक मैफलीची निवड पडद्याआडून करायची, ही प्रथा यांनीच पाडली. गाणाऱ्याचं नाव, वय, वशिला काही दिसायला नको, नुसतं ऐकायचं. केवढं मोठं काम! त्यासाठी एकदा टाळ्या होऊन जाऊ द्या.

तर त्या दुपारी पडद्याआड आम्ही तिघी होतो. पियानोवर मी, गायला माझ्या नणंदबाई, आणि त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची. ती बस आगारात इंजिनं दुरुस्त करते आणि उरलेल्या वेळात हिप हॉप करते. वन्संनी जन्मभर ख्याल गायला. आता दम्यामुळे दोन ओळींनंतर थांबावं लागतं. गाणं बंदच केलं होतं त्यांनी. भाचीने त्या थांबण्याच्या जागा हेरल्या. आई थांबली की ही तोंडानेच ठेका धरते, त्यावर स्वतःचे शब्द बोलत जाते आणि नेमकी समेवर आईच्या हाती गाणं परत देते.

तालमीच्या पहिल्या दिवशी वन्सं म्हणाल्या, "ही गातेय की भांडतेय?"

"आई, तू श्वास घे. तोवर मी भांडते."

"आणि वहिनी, तुम्ही काय करणार?"

"मी दोघींना एका पट्टीत ठेवणार," मी म्हटलं. "संसारात जमलं नाही, पियानोवर तरी जमेल."

तर चौदा मार्चला आमचं गाणं संपलं आणि पडद्यापलीकडून चिटणिसांचा आवाज आला, "वा! ठेका धरणारा हात कसलेला आहे. आणि मधलं नाट्यवाचन किती स्पष्ट! मंजूर." मग पडदा सरकला. हात कुठेच नव्हता, तबलाही नव्हता. ग्रीसचे डाग पडलेल्या पँटमधली भाची होती. "हे हिप हॉप आहे का?" त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. "मग आपल्या रसिकांना रुचणार नाही. नामंजूर."

मला सांगा, त्या मिनिटभरात कोणता सूर बदलला? कोणती मात्रा निसटली? आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर चुकलेल्या सुराला बोटांवर पट्टी मारत. पण बरोबर वाजवल्यावर, केसांना तेल लावलं नाही म्हणून कुणी मार खाल्ल्याचं मला आठवत नाही.

कुणी म्हणेल, निरोपाच्या दिवशी हे कशाला? कारण उद्यापासून चिटणीस म्हणतील, "आता माझ्या हातात काही नाही," आणि नवे म्हणतील, "तो जुना निर्णय आहे." या दोन खुर्च्यांच्या मध्ये वन्सं उभ्या राहणार नाहीत. गेले कित्येक महिने त्या रोज तालमीला बसतात. पुढच्या वर्षी दोन ओळींचाही दम उरेल की नाही, हे त्यांना ठाऊक आहे. दया नको, असं त्यांनी मला बजावलंय. दया मी मागतही नाही. मंजूर झालेली जागा मागते आहे.

चिटणीस साहेब, तुमचे कान चांगले आहेत, हे मी मनापासून सांगते. त्या दुपारी त्यांनी योग्य निकाल दिला होता. घरी आरामात बसाल तेव्हा त्यांचं ऐकत जा.

आपण सर्वांनी इतका वेळ शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात कुणाला टोचलं असेल तर वयाकडे पाहून पोटात घाला. मागणी मात्र पोटात घालू नका. कार्यक्रमपत्रिका सोमवारी छापायला जाते. आमची जागा परत, नाहीतर ऐकताना सापडलेला आमच्या गाण्यातला नेमका दोष, यांपैकी एक मला लेखी हवं आहे, जुन्या आणि नव्या, दोन्ही चिटणिसांच्या सहीनिशी, येत्या शनिवारी दुपारी बाराच्या आत. "बघू" हे उत्तर धरलं जाणार नाही.