चिंबोरीबाईचा उलटा पाठलाग

समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कार्टून स्टुडिओचे संस्थापक आदरणीय रवींद्रसर, व्यासपीठावरचे वितरक हितेशभाई, वागळे इस्टेटमधले माझे सहकारी आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून तावून-सुलाखून इथवर पोहोचलेल्या रसिकहो, तुम्हा सर्वांना कल्पिताचा सप्रेम नमस्कार.

निरोपाच्या भाषणात गोड बोलायचं असतं. शाल फार सुंदर आहे, आभारी आहे. पण आत्ताच हितेशभाईंनी जाहीर केलं, की आमची ‘चिंबोरीबाई’ रंगीत होऊन पुन्हा थिएटरात येणार आणि तिच्या पहिल्या भागातली चूक दुरुस्त होणार. त्या करारावर मी इथेच, तुमच्यासमोर सही करायची आहे. कसली चूक, हे नव्या मंडळींना ठाऊक आहे का?

चाळीसेक वर्षांपूर्वी रंगीत फिल्म आम्हाला झेपणारी नव्हती, म्हणून कृष्णधवल. मुख्य सिनेमाआधी दाखवायचं छोटंसं कार्टून. गोष्ट सरांची, चित्रं माझी, म्हणून मालकी दोघांची. चिंबोरी म्हणजे आमच्या खाडीतला खेकडा. मिठागराचा मुकादम काठी घेऊन तिच्यामागे धावतो आणि शेवटी तिला टोपलीत कोंबतो, एवढीच गोष्ट. आमच्याकडे चित्रांचा गठ्ठा रचताना पहिलं चित्र तळाला ठेवायची पद्धत. कॅमेऱ्यावर होते खुद्द सर. हसा सर, आता चालतं! त्यांनी वरून सुरुवात केली आणि अख्खा पाठलाग उलटा चित्रित झाला. कोरी फिल्म संपलेली, शुक्रवारी कल्याणला खेळ. करता काय? तसाच दाखवला.

पडद्यावर चिंबोरी टोपलीतून टुणकन बाहेर आली. ती बिचारी आडवीच चालणार, तिचं उलट काय नि सुलट काय! मुकादम मात्र काठी उगारून मागे मागे पळत सुटला आणि ही त्याच्या अंगावर. सर अंधारात कपाळाला हात लावून बसले. माझ्या शेजारी होती माझी आय, आवडाबाई. तिचा जन्म मिठागरावर गेला. मुकादमापुढे तिने कधी मान वर केली नव्हती. ती ताडकन उठली आणि ओरडली, “चिंबोरे, सोरू नको त्याला!”

मग सगळं थिएटर ओरडायला लागलं. थिएटरवाल्याने लगेच दुसरा भाग मागितला आणि तिथून आमची मालिका सुरू झाली. पुढच्या प्रत्येक भागात मात्र आम्ही चिंबोरीला ठरवून जिंकवलं.

आणि आता म्हणे मुलांचा गोंधळ होईल, म्हणून चित्रं सरळ लावायची. म्हणजे तिला परत टोपलीत घालायचं? हितेशभाई, हवे ते रंग भरा. मुकादमाला गुलाबी सदरा घाला, माझी ना नाही. पण माझी आय ज्याच्याविरुद्ध ओरडली, त्याला मी जिंकू देणार नाही. मला राग आलाय आणि तो लपवायचं आता माझं वय राहिलेलं नाही. सर, तुम्हाला त्या चुकीची अजून लाज वाटते. मला तिचा अभिमान वाटतो.

इतकी वर्षं मला सांभाळून घेतलंत, मी तुम्हा सर्वांची ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. हितेशभाई, सही होणार नाही. तो करार उचला, त्या टेबलावर वडे मांडायचेत.