कोकमतेलाचा गोळा

वैशाखात बारामतीच्या एसटी स्टँडवर इंदापूरच्या गाडीची वाट बघत दोन अनोळखी बायका माझ्या शेजारी बसल्या होत्या. थोरलीच्या मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं गाडगं होतं.

"आक्का, काय हाय त्यात?" धाकटीनं विचारलं.

"कोकमतेलाचा गोळा. माझ्या टाचंच्या भेगांसाठी लेकीनं आणलावता, महाडास्नं. तीन वरसं झाली."

"टाचा तर अजून फुटल्यात तुमच्या."

"लावलंच न्हाय."

"मग खवट झालं आसंल."

"न्हाय. रांजणाखालच्या गार मातीत ठिवते. उजेड न्हाय, वारा न्हाय. आता म्हयनाभर बहिणीकडं निघाले. मागं रांजणात पानी कोन घालनार? वितळून जाईल."

"वितळू द्या की. गार झालं की पुन्हा घट्ट हुतंय. तेल त्येच ऱ्हातंय."

"तेल त्येच ऱ्हातंय. पर माझ्या लेकीनं, जयवंतानं, सोताच्या मुठीत वळलाय ह्यो. तिची चार बोटं उमटल्यात वर."

"मग तिला सांगा, दुसरा वळून आणंल."

"आणला आसता. त्याच पावसाळ्यात तापानं गेली."

गाडी लागली. दोघी उठल्या.

"आक्का, खिडकीकडनं ऊन येतंय. तितं मी बसते. तुमी अलीकडं बसा."