केक कुठून कापायचा

हॅलो?… हो, रिम्माच बोलतेय, सांस्कृतिक भवनातून. बोल फाईना, झाला का नकाशाचा केक?… दरवाज्यातून येईल ना?… उभा करून? अगं, देश उभा करून कसा आणणार, सायबेरिया घसरेल!… हो, हो… अगं ऐक ना.

क्रीम वितळतंय? कुठल्या बाजूला?… पश्चिमेला. मग पसरू दे. पसरलं तर गुन्हा नाही, आकसलं तर आहे… शेजारी देशाचा वेगळा केक केलास? मोड तो! काल राष्ट्राध्यक्ष टीव्हीवर दोन तास काय सांगत होते? शेजारी वेगळे नाहीतच, हजार वर्षांपासून एकच कणीक… त्यांना विचारलं का? फाईना, कणकेला कुणी विचारतं का?

ते सोड, मी अडकलेय. दुपारी राष्ट्रदिनाला गव्हर्नर येतायत, आणि पत्रिकेत छापलंय, 'केक कापणे: रिम्मा अर्काद्येव्ना'… हसू नकोस! दर आठवड्याला राष्ट्राध्यक्ष बजावतात, शत्रूला आपल्या देशाचे तुकडे करायचेत. आणि उद्या पेपरात फोटो कुणाचा? माझा. हातात सुरी… भूगोलाचा गेनादी आठवतो ना? नकाशाची घडी चुकीच्या नदीवर घातली त्याने. चौकशीला नेलाय. नकाशासकट… हो, अजून.

कडेने कापू? कडेला तर सीमा!… मधून? मधून म्हणजे फाळणीच… गव्हर्नरांनाच सुरी देऊ? विचारलं मी. म्हणाले, साखर वाढलीय. सकाळपर्यंत नव्हती.

काय?… सासऱ्यांनी काय खाल्लं?… कालिनिनग्राद? अख्खं?… वेगळ्या बशीत होतं म्हणून? अगं, तो प्रांत आपलाच, नकाशातच वेगळा आहे!… चहाबरोबर. देवा… नाही, नाही, फोनवर नाव घेऊ नकोस, 'बिस्कीट' म्हण… दुसरं बिस्कीट भाज. जरा मोठंच भाज, मोठ्याबद्दल कुणी विचारत नाही.

थांब. सुचलं! कापायचाच नाही. काचेच्या पेटीत ठेवू, वर फीत, सगळे उभे राहतील, टाळ्या वाजवतील… खायचं काय? टाळ्या झाल्या की चहा… बुरशी येईल? येऊ दे. सडेल, पण अखंड सडेल…

हे कोण म्हणालं?… मी?… नाही गं, मी काही बोलले नाही. तूही काही ऐकलं नाहीस… कसलं बिस्कीट? कोण फाईना?… राँग नंबर, बाई.